काकांची दाद

माझा भाऊ एका मंगळवारी गेला.

तो एकट्याने रॉक गिटारचे कार्यक्रम करायचा आणि कसबा पेठेतले आमचे शेजारी काका नेहमी पहिल्या रांगेत असायचे. काका शास्त्रीय मैफलींत मुरलेले. गिटार जरा थांबली की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "क्या बात है!"

भाऊ स्टेजवरूनच वैतागायचा. "अहो काका, रेकॉर्डिंग चालू आहे!"

"मग बरंच झालं. दाद दिल्याचा पुरावा राहील."

तेराव्यानंतर काका आले आणि खाली बघत म्हणाले, "माझी दाद कापून टाका हो त्याच्या रेकॉर्डिंगमधून."

मी नको म्हणालो. इतर रेकॉर्डिंगमध्ये भाऊ नुसता वाजवतो. काकांनी बिघडवलेल्यांत तो बोलतो.

आता घरात त्याचं बोलणं तेवढंच आहे, आणि तेही काकांवर रागावलेलं.