हिला काय वाचून दाखवू?

शाळांना सुट्टी लागली की गाडीकाकांचे हाल सुरू व्हायचे. वर्षभर शाळेची बस चालवायची, पोरांचा कलकलाट, ‘गाडीकाका, हा मला चिमटे काढतो’ अशा तक्रारी; आणि उन्हाळ्यात एकदम सामसूम. मग ते घरात लुडबुड करत. बायको शिवणकाम करायची, बाहेरची खोली हेच तिचं दुकान. या वेळी त्यांनी मशीनजवळची सगळी रिळं कपाटात नीट रचून ठेवली, आणि बिचारी सकाळभर काळा दोरा शोधत बसली.

“अहो, एक उपकार करा,” ती म्हणाली. “माझे हात गुंतलेले असतात, पण कान रिकामेच असतात. वाचनालयातून सुट्टीपुरती पुस्तकं आणा आणि मला वाचून दाखवा. निदान तेवढा वेळ एका जागी बसाल.”

काकांना ही कामगिरी आवडली. वाचनालयात शिरून त्यांनी सगळ्यात जाडजूड पुस्तक उचललं. सुट्टीभर पुरायला हवं ना! घरी येऊन खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. पुस्तक पूल बांधण्याविषयी होतं. खडी किती, सिमेंट किती इथवर आले, तेवढ्यात मशीन थांबलं. बायको पदराने डोळे पुसत होती. हसून हसून तिची पुरेवाट झाली होती.

“अहो, मला काय पूल बांधायचाय?”

ओशाळलेले काका तसेच परत गेले. वाचनालयातल्या बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं आणि सहज विचारलं, “वहिनींना कशा प्रकारचं आवडतं?”

तिला चहा किती गोड लागतो ते काकांना माहीत होतं. कुठल्या कुशीवर झोपते तेही. पण हे? “थांबा हं, विचारून येतो,” असं म्हणून ते रिकाम्या हाताने घरी आले.

“अगं, तुला काय आवडतं?”

तिने मान वर करून पाहिलं. काका थट्टा करत नव्हते. मग ती अशी भडाभडा बोलायला लागली, जणू उत्तर कधीचं तयार होतं. “एखादी बाई एकटीच लांब कुठेतरी निघालीय, असं काहीतरी. ती परत येते की नाही ते आधी सांगायचं नाही. आणि एक भुताचं. चांगलं घाबरवणारं.”

“तुला भुतं आवडतात? कधी बोलली नाहीस ती!”

“विषय कधी निघाला? आपल्याकडे विषय निघतो तो टायरचा.”

काका खो खो हसले. “चल मग, तूच चल.”

ती इतक्या घाईने निघाली की गळ्यातली टेप काढायलाही विसरली. कपाटासमोर उभी राहून ती प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान वाचायची. “पहिल्याच पानावर रडारड. ठेवा. हा फारच शहाणपणा शिकवतोय. ठेवा.” शेवटी तिला वाळवंटातून उंटावरून निघालेली बाई सापडली आणि पडक्या गिरणीतलं भूतही. काकांनी गुपचूप तिसरं पुस्तक काखेत मारलं, समुद्री चाच्यांचं. बसमधली पोरं त्याच्यावरून हमरीतुमरीवर यायची.

“हे कुणासाठी?”

“मला. मी पण सुट्टीवर आहे.”

त्या दुपारी वाचन रंगलं. उंटवाल्या बाईचा नंबर नंतर, आधी भूत. काका वळणावर गाडी सावकाश घ्यावी तसे भीतीच्या जागी हळू वाचायचे. गिरणीचं बंद जातं आपोआप फिरायला लागलं, बायकोचा पाय मशीनच्या पायट्यावरच थिजला, आणि नेमकी दाराची कडी वाजली. दोघंही दचकून किंचाळले.

दारात शेजारची मास्तरीणबाई उभी होती, पडदे न्यायला आलेली. “काय झालं हो?”

“काही नाही, भूत आहे,” बायको म्हणाली. “पडदे अजून बाकी आहेत. बसा ना जरा.”

मास्तरीणबाई बसली. जातं कोण फिरवत होतं ते कळायला दोन प्रकरणं जावी लागली, आणि तोवर तिघांपैकी एकालाही पडद्यांची आठवण झाली नाही.