मॅडमना हवा होता तेवढा अंधार

देवस्थळी मॅडम आज सकाळी गेल्या. माझा त्यांच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

सांगतो.

मोबाईलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे, तेव्हाची गोष्ट. मॅडम मूळच्या औरंगाबादच्या, चंदीगडला आर्ट हिस्टरी शिकवायच्या. मी त्यांच्या कॉलेजातला कॉम्प्युटरवाला.

एका कंपनीनं व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट ट्रायलला दिला होता. हेल्मेटएवढा जड, मागे वायरींचं शेपूट.

ठरलं, पोरांना इथे बसून अजिंठा दाखवायचा. मोठे पाहुणे बघायला येणार. त्यांना आवडलं तर मशीन कॉलेजला, नाहीतर परत.

मी अख्खं लेणं उभं केलं. मॅडमनी हेडसेट लावला आणि भडकल्या.

"अरे, लेणं आहे की मंगल कार्यालय? अंधार कुठाय?"

"मॅडम, अंधारात चित्र कसं दिसणार?"

"उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही. थांबायचं. मग चित्र आपणहून पुढे येतं. ते थांबणंच शिकवायचंय मला."

शिवाय हेडसेट लावण्याआधी चपला बाहेर. कॉम्प्युटर लॅबमध्ये!

कपाळावर हात मारून मी अंधार प्रोग्राम केला. आधी काळोख, मग अगदी सावकाश कमळ धरलेला बोधिसत्त्व.

पाहुणे आले. सरदारजी.

हेडसेटचा पट्टा पगडीवर बसेचना. चंदीगडमध्ये राहून आम्हा दोघा मराठी शहाण्यांना पगडी सुचलीच नव्हती! पोरांवर ट्रायल घ्यायची, तर सगळा वेळ मॅडमच्या अंधारात गेलेला.

मॅडमनी हेडसेट दोन्ही हातांनी सरदारजींच्या डोळ्यांसमोर धरला.

"बिजली चली गई, मैडमजी?"

"नहीं जी. रुकिए."

"कुछ दिख नहीं रहा जी."

"दिखेगा. रुकिए तो."

मी खुणेनं विचारलं, उजेड वाढवू? मॅडमनी मान हलवली. नाही.

तेवढं वजन त्यांनी दोन्ही हातांनी तसंच धरून ठेवलं. मॉनिटरवर मला कमळ उमटताना दिसत होतं.

तेवढ्यात पाहुण्यांनी मान मागे घेतली. "बहुत बढ़िया," म्हणाले आणि चहाकडे वळले.

मशीन परत गेलं. एकाही विद्यार्थ्यानं ते लेणं पाहिलं नाही.

पुढे भेटलो की माझं तेच. "मॅडम, जरासा उजेड ठेवला असता तर?"

"तर त्यांना कॅलेंडर दिसलं असतं."



आज दुपारी चंदीगडशेजारी पंचकुलाला त्यांच्या घरी गेलो. बाहेर रणरणतं ऊन. दारात चपला काढून आत आलो. पडदे ओढलेले. काही म्हणता काही दिसेना.

त्यांची मुलगी म्हणाली, "काका, रुको, लाइट जलाती हूँ."

"नको," म्हटलं. "थांबतो."

आधी पांढरी चादर दिसली. मग ते हात.

मग मॅडम.

फार रडलो यार.

दिसलात, मॅडम. पण हे असं शिकवायची काय गरज होती?

नमस्कार घ्या. नीट जा.

आणि तिकडे उजेड जास्त असला तर भांडत बसू नका.