आत्याचे गोड निरोप

हां, तर काल इथवर आलो होतो, की सुतारशाळेच्या एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा आणि मधे पॉलिशचा बोळा घेऊन त्यांची आत्या. सख्खे भाऊ, वडिलांच्या मागे एकाच पत्र्याखाली काम करायचे, पण एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. कशावरून बिनसलं ते मला दर वेळी वेगळंच ऐकायला मिळालं, म्हणून ते सोडा. रंध्याचं यंत्र अखंड घरघरायचं, त्यात या टोकाचं त्या टोकाला ऐकू येत नसे. सगळी बोलणी आत्यामार्फत.

थोरला म्हणायचा, "आत्या, त्या गाढवाला सांग, ड्रॉवर अडकतोय. हात आहेत की खुरं?"

आत्या तिकडे जाऊन सांगायची, "दादा म्हणतोय, ड्रॉवर जरा बघून घे. बाकी काम झकास."

"त्याला म्हणावं, नुसते हुकूम सोडू नकोस, ये आणि घास!"

आत्या परत येऊन, "करतो म्हणाला हो."

माझं कपाट तिथे बनत होतं. मी उगाच मापं सांगायच्या निमित्ताने जायचो आणि ही करमणूक बघत बसायचो.

त्या दिवशी धाकटा म्हणाला, "त्याला सांग, महिनाअखेर मी हत्यारं घेऊन चाललो. वेगळी जागा बघितलीय. लाकूड घेताना मलाही विचार, असं कितीदा सांगून पाठवलं! एकदा तरी विचारलं त्याने?"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. ते तिने कधी पोचवलंच नव्हतं. 'लाकूड छान आणलंस म्हणाला', एवढंच पोचवलेलं. थोरला आपला खुशीत!

तिने एका खुर्चीची पाठ पुसली, तीच पुन्हा पुसली. दारापर्यंत गेली, परत आली. मी म्हटलं, "अहो, जरा बसा तरी."

"बसू कशी? माझ्या भावाने उभं केलेलं दुकान आहे हे. गोड करून सांगितलं तर हा निघून जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही. आहे तसं सांगितलं तर आजच फुटतील."

माझंही कपाटात लक्ष लागेना.

शेवटी ती थोरल्यापुढे उभी राहिली आणि शब्दन् शब्द सांगितला. वर म्हणाली, "लाकडाचं तो केव्हाचा सांगतोय. मीच मधल्या मधे गिळलं."

थोरल्याने यंत्र बंद केलं. भुसा तुडवत तरातरा धाकट्यापुढे गेला. "कुठे चाललास रे?"

"विचारायला आज सुचलं होय?"

"लाकडाचं मला आत्ता कळतंय! ही मला सांगायची, तू खूश आहेस म्हणून!"

"खूश? मी?"

मग जी जुंपली म्हणता! वाटण्या, लग्नातले रुसवे, लहानपणीचा मार, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. धाकट्याने तिरमिरीत हत्यारांची पेटी उचलली. थोरल्याने ते बघितलं. तो हळूच आत्याकडे वळला, "आत्या, सांग ना त्याला, जाऊ नकोस म्हणावं."

आत्या म्हणाली, "मी सांगितलं तर त्याला वाटेल, हेही मीच पदरचं घातलंय. समोर उभा आहे की तुझ्या, तूच सांग."