हिवाळ्यातलं विहिरीचं पाणी

१९९८ साल होतं. मी एकसष्ट वर्षांचा होतो. डिसेंबर लागला होता, अल्लीपूरच्या आमच्या वावरात पऱ्हाटी बोंडांनी पांढरी झाली होती, कापसाचा दुसरा वेचा तोंडावर आला होता, आणि माझ्या दारात सामान भरायला मेटाडोर उभा होता. कापूस झाडावर ठेवून घर सोडणारा माणूस आमच्या खानदानात आधी झाला नव्हता. तो मान माझ्या लेकानं, राजेशनं, मला मिळवून दिला.

राजेशला वर्ध्याला एका गोदामात नोकरी होती. रोज सकाळी मोटारसायकलनं जायचा, अंधार पडल्यावर यायचा. त्या हिवाळ्यात धुक्यात गाडी घसरून पडला, गुडघा फोडून घेतला. झालं. सून वंदना घाबरली, दोघांनी आपसात ठरवलं आणि वर्ध्याजवळ सिंदी मेघेत भाड्याच्या दोन खोल्या पाहून आले. मला विचारलं नाही, सांगितलं. नात पिंकी सात वर्षांची, तिचं नाव अर्ध्या सालातून शाळेतून काढलं. वावर माझ्या चुलतभावाला, नामदेवला, मक्त्यानं दिलं. बायको दोन वर्षांआधी वारली होती, नाहीतर त्या गाडीत मी बसलोच नसतो. एकट्या म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही, खुर्चीसारखं उचलून गाडीत ठेवतात.

नामदेव मेटाडोरजवळ उभा राहून दात काढत होता.

"काऊन बे, चालला काय सुनेच्या हातचं गरम गरम खायाले?"

"तुले पाय पसराले जागा करून देऊन राह्यलो," मी म्हणालो.

जमलेले सगळे हसले. मी हसलो नाही. पिंकी आणि चार वर्षांचा सोनू गोधड्यांच्या ढिगावर बसून बैलबंडी हाकल्यासारखे ओरडत होते. त्यांना वाटत होतं आपण जत्रेला चाललो.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितो. चौथीपर्यंत शिकलो. मास्तरांनी शिकवलं तसं लिहितो, कारण बोलतो तसं लिहिलं तर घरातलेच हसतात. कोणाच्या लग्नात भेटलात की तुम्ही माझा हात धरून म्हणता, "काका, आपल्या तुरीच्या शेंगा, आपला तो जाळ, काय दिवस होते!" आणि डोळे पुसता. मला चीड येते. तुरीच्या शेंगा बाजारात मिळतात, घेऊन उकडा. रडता कशाला? जे गेलं ते तुम्हाला आठवतच नाही, तुम्हाला फक्त खाणं आठवतं.

काय गेलं ते मी सांगतो.

आमच्याकडे विजेची लाइन दिवसा नसायची, पहाटे यायची. गव्हाला पाणी द्यायचं तर तेव्हाच उठायचं. वावर घराला लागून होतं. मी निघालो की नातवंडं मागं लागायची. नाही उठली तर माझा बाप मला म्हणायचा तेच मी म्हणायचो, "थंडी घोंगडीत रायते रे, बाहेर नाई. उठा!" मागच्या साली उपटलेल्या पऱ्हाटीचा जाळ मी विहिरीजवळ करून ठेवायचो. दोघं कपडे काढून जाळाशी ठेवायची आणि मोटारीच्या जाड पाईपाखाली दगडावर जाऊन बसायची. उघडी. अंगावर काटा आलेला, गुडघे छातीशी, डोळे घट्ट मिटलेले. मग मी पाईपावर काठी ठोकायचो आणि विहिरीला ओरडून सांगायचो, "सोड वो माय, पोट्टे बसले!" आणि बटन दाबायचो.

पाणी यायचं ते कोमट. ज्यांनी भर थंडीत विहिरीचं पाणी अंगावर घेतलेलं नाही त्यांना हे खरं वाटणार नाही. वर दवानं गवत गारठलेलं, आणि जमिनीच्या पोटातून येणाऱ्या पाण्याला वाफ. दोघं त्या धारेखाली खिदळायची, बाहेर यायचं नाव घ्यायची नाहीत. त्यांना वाटायचं आजोबा सांगतो म्हणून विहीर गरम पाणी देते. मीही कधी नाही म्हटलं नाही.

मग दिवसभर वंदना बायांसोबत वेचणीला. पदराच्या ओटीत कापूस भरायची, ढिगावर रिकामा करायची, आणि सोनू त्याच ढिगावर झोपलेला असायचा. तो कापूस संध्याकाळी पुढच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरायचो. दोघं त्यात उड्या मारायची आणि केसांना कापूस चिकटून माझ्यासारखीच म्हातारी होऊन बाहेर यायची. वंदना रागवायची, "मामाजी, तुम्हीच फूस देता पोट्ट्यायले!" देत होतोच.

सिंदी मेघेत भिंती होत्या. खोलीला भिंत, अंगणाला भिंत, भिंतीपलीकडं दुसऱ्याची भिंत. पोचलो त्या संध्याकाळी मी मागच्या अंगणात चार काड्या पेटवल्या तर घरमालक वरून म्हणाला, "काका, इथं धूर नका करू, कपडे वाळत असतात." कपडे वाळवायचे आणि माणसं गारठवायची का? पण काड्या विझवल्या. पहिला दिवस होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं उठलो. दोघंही उठली. मागच्या अंगणात धुणं धुवायचा दगड होता, त्यावर भिंतीतून आलेला नळ. सोनूनं मुकाट्यानं कपडे काढले, नळाखाली जाऊन बसला, गुडघे छातीशी घेतले आणि डोळे मिटले. त्याला काही सांगावं लागलं नाही. मी नळावर काठी ठोकली. "सोड वो माय, सोनू बसला!" आणि तोटी पूर्ण सोडली.

मला काय माहीत, शहरात पाणी रात्रभर छपरावर झोपवतात! काळ्या टाकीत, उघड्या आभाळाखाली. बर्फासारखी धार त्या पोराच्या डोक्यावर पडली. तो असा ओरडला की घरमालकाच्या खिडकीत दिवा लागला. वंदना धावत आली, गोधडीत गुंडाळून त्याला आत नेलं. ओठ निळे पडले होते. दुपारपर्यंत तो उन्हात बसला तरी दात वाजत होते.

राजेश घरमालकासमोर माझ्यावर ओरडला.

"बाबा, पाणी हात लावून पाहाव तर खरं!"

"तुले आंघोळ घालताना कधी पाह्यलं होतं काय?"

"ते वावर होतं. वावरातलं इथं नाई चालत. यापुढं पोट्ट्यांची आंघोळ वंदना पाहीन. तुमी हात लावू नका."

हात लावू नका. माझ्या नातवाला. राजेशला त्याच विहिरीवर मी वाढवला, तो मला हे सांगत होता. वंदना हळूच म्हणाली, "मामाजी, मनात नका धरू. पण लेकरू कसं निळं पडलंतं पाहा न." तिचं बोलणं मी ऐकून घेतलं. राजेशचं घेतलं नाही.

पण खरं लागलं ते वेगळंच. दुपारी मी हात पुढं केला तर सोनू आईच्या मागं लपला. आणि पिंकी, जी कधी गप्प बसत नाही, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबाजी, त्या नळाले तुमी सांगितलं नाई काय?"

"सांगितलं न बाई. तुह्यासमोर सांगितलं."

"मंग त्यानं ऐकलं काऊन नाई?"

विहिरीवर माझा शब्द चालत होता आणि इथं नळसुद्धा ऐकत नव्हता, हे मी सात वर्षांच्या पोरीला कसं सांगू? मी धोतर, सदरा आणि घोंगडी पिशवीत भरली आणि राजेशला म्हणालो, "उद्या पयल्या गाडीनं मी अल्लीपूरले चाललो."

"तिथं भाकर कोन देईन?"

"माहे हात तुटले नाई."

"जा मंग," तो म्हणाला आणि टीव्हीकडं पाहू लागला.

आता माझी सत्तरी उलटली. राजेशवरचा राग गेलेला नाही, आणि कोणी काढायचा प्रयत्नही करू नये. त्यानं कधी म्हटलं नाही की आपलं चुकलं. मीही म्हटलं नाही, कारण चुकलं होतं ते पाणी. नामदेव गावभर सांगतो, बुढा शहरात सुखात हाय. माझ्या पुढच्या खोलीत तो त्याचा कापूस भरतो आणि मला सुख शिकवतो! दर हिवाळ्यात मी एकदा अल्लीपूरला जातो, विहिरीवरची मोटार लावायला सांगतो, धारेखाली हात धरतो आणि परत येतो. नामदेवची नातवंडं माझ्याकडं पाहून हसतात. हसू द्या.

लोक विचारतात, "काका, तुमचं घर कोणतं, तिकडचं का इकडचं?" मी सांगतो, जिथं लेकरू न सांगता डोळे मिटून पाण्याखाली बसतं ते. अल्लीपूरला ते मला आयतं मिळालं होतं. इथं आल्याबरोबर एका धारेत गेलं, आणि ते परत मिळवल्याशिवाय पळून जायचं हे माझ्या बापानं मला शिकवलं नव्हतं. पण हे मला त्या संध्याकाळी कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी फक्त पिशवी बांधली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे झोपले असतानाच मी निघालो. बस थांब्याच्या वाटेवर, आमच्या वस्तीच्या ले-आउटच्या टोकाला हापशी होती. एक बाई पाणी भरत होती आणि तिच्या बादलीतून वाफ निघत होती. मी थांबलो.

"बाई, पाणी कोमट हाय काय वो?"

"बोरिंगचं हाय न काका, थंडीत कोमटच रायते. तुमच्या गावात नाई काय?"

मला सांगत होती! पाण्याचं, मला! मी पिशवी खाली ठेवली आणि तिची बादली झाली तसा दांडा हातात घेतला. धारेखाली हात धरला. कोमट. तेच पाणी. पिशवी तिच्या भरवशावर तिथंच टाकली, घरी परत गेलो, बादली घेतली, हापसून भरली आणि हात न बदलता मागच्या अंगणात आणून ठेवली. राजेश दात घासत उभा होता. त्यानं माझ्या रिकाम्या खांद्याकडं पाहिलं. वंदनानं बादलीत बोटं बुडवली, माझ्याकडं पाहिलं आणि सोनूला आणायला आत गेली. राजेशनं चूळ भरली, चप्पल घातली आणि बाहेर पडला. थोड्या वेळानं परत आला तेव्हा माझी पिशवी त्याच्या खांद्यावर होती. ती त्यानं आत नेऊन ठेवली.

पिंकीनं बादलीत हात घातला आणि ओरडली, "सोन्या, यानं ऐकलं!"

सोनू दगडावर येऊन बसला. गुडघे छातीशी घेतले. मी बादलीवर काठी ठोकली. डोळे मात्र त्यानं मिटले नाहीत, माझ्या हातातल्या तांब्याकडं टक लावून पाहत राहिला. मग मी पहिला तांब्या त्याच्या देखत माझ्याच हातावर ओतला, आणि दुसरा त्याच्या अंगावर.