सुमनकाकूंचा साखळी टाका

संध्याकाळी घाटावर आरती सुरू झाली की सगळे नर्मदेकडे तोंड करून हात जोडतात. सुमनकाकू नदीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. डोक्यावर पदर, हातात निरांजन आणि तोंड थेट नाल्याकडे. आमच्या मोहल्ल्याची आणि वरच्या कॉलन्यांची सगळी घाण घेऊन तो नाला घाटाच्या पायऱ्यांना लागूनच नदीत पडायचा. कोणीतरी हमखास म्हणायचं, "अम्मा, मैया तो उधर हैं."

"मालूम है, भैया. मैया को देखने वाले आप सब हैं. इसको कौन देखेगा?"

काकू आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचे यजमान आणि माझे बाबा खमरियाच्या फॅक्टरीत एकाच बसने जायचे. यजमान गेल्यावर काकूंनी घरातच शिवणाचा क्लास काढला. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी न विचारता सांगते, कारण त्या पदवीदानाला घातलेला ब्लाउज काकूंनी शिवला होता. शिवून झाला तेव्हा शिवणीच्या दोन्ही बाजू धरून त्यांनी ताकदीने ओढून पाहिल्या. क्लासातल्या मुलींच्या शिवणी त्या अशाच ओढायच्या. उसवली की कापड परत हातात. "कच्चं काम माझ्याकडे चालत नाही. भर लग्नात उसवलं तर तुझं हसं होईल, नाक माझं जाईल."

आमच्या नळाच्या पाण्याचा पाइप याच नाल्यातून यायचा. नाल्याजवळून नाही, नाल्यातून. गंजलेला, जागोजागी सायकलच्या ट्यूबने बांधलेला. पाणी थोडा वेळ यायचं. ते बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि बाहेरचं आत ओढतो. हे समजायला पदवी लागत नाही. तरी पाणी खात्यातल्या पदवीवाल्या साहेबांना ते समजत नव्हतं. मी अर्ज लिहायची, काकू सही करायच्या, साहेब म्हणायचे, "दिखवाते हैं, अम्माजी."

ते पाहत राहिले आणि काकूंची सून गेली. पोटुशी होती, कावीळ झाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पानी कहाँ का पीती है?" काकूंचा मुलगा सुरेश खाली मान घालून म्हणाला, "नल का." तिला घाटावर आणलं तेव्हा काकू रडल्या नाहीत. सगळा वेळ नाल्याच्या तोंडाकडे बघत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं निरांजन तिकडे वळलं.

नर्मदा जयंतीला मैयाला चुनरी नेसवतात. साड्यांना साड्या जोडून केलेली ती लांबलचक चुनरी नावेतून पलीकडच्या काठापर्यंत नेतात. आमच्या वॉर्डाची चुनरी दरवर्षी काकूच शिवायच्या. त्या वर्षी कोणी मोठा पाहुणा येणार होता. वॉर्डाचे नेताजी साड्यांच्या गठ्ठ्याबरोबर हिरव्या जाड कापडाचे तागेही घेऊन आले. नाला दिसू नये म्हणून त्याच्या तोंडावर पडदा लावायचा होता.

मला वाटलं, काकू आता त्यांना दारातूनच हाकलतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "दोनों सिल दूँ?"

"हाँ अम्मा, आपके हाथ की बात ही और है."

ते गेल्यावर मी चिडले. "काकू, काहून हो म्हटलं तुम्ही? ज्याच्यापायी वहिनी गेली, त्याच्यावरच पडदा शिवून राहिल्या?"

"शिवून राहिले ना. तू चूप बस अन् सुईत दोरा ओव."

चुनरी त्यांनी मशीनवर पक्की शिवली, दुहेरी टीप मारून. पडद्याच्या वरच्या काठाला मात्र हाताने टाका घातला. दोर ओवायचा नेफा होता तो. तांदळाच्या गोणीच्या तोंडाला असतो ना, तसा साखळी टाका. एक टोक सापडलं आणि ओढलं की गोणी सर्रकन उघडते, तसाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "सांगशील कोणाला तर तुझा ब्लाउज उसवीन."

जयंतीच्या सकाळी घाट धुतलेला, नाला हिरव्या पडद्याआड. पाहुणा नावेत चढला, चुनरीचं टोक कपाळाला लावलं, जयजयकार झाला. काकू पडद्याच्या खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांनी दोरा ओढला. नेफा उसवत गेला आणि सगळा पडदा दोरावरून सुटून चिखलात बसला. मागे काळं पाणी, त्यावर फेस, प्लास्टिक, एक फुगलेलं कुत्रं आणि मधोमध आमच्या पिण्याचा पाइप. वाराही नेमका नावेकडे होता. पाहुण्याने चुनरीचंच टोक नाकाला लावलं.

नेताजी धावत आले. "अम्मा, ये क्या हुआ?"

"कुछ नहीं भैया, सिलाई खुल गई. बुढ़ापा है."

सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते आलं होतं. लवकरच आमच्या गल्लीचा पाइप नाल्यातून उचलून खांबांवरून नेला. लोकांनी पेढे वाटले. काकूंनी पेढा हातातच ठेवला. "अन् खालच्या वस्तीचा?"

नाल्याच्या वळणापलीकडच्या त्या वस्तीचा पाइप अजून नाल्यातच होता. नाला तोच, कावीळ तीच. फक्त तिथे नावेतून दिसेल असं काही नव्हतं. काकूंनी दारोदार जाऊन सांगितलं, चला, आपण वस्तीसाठी जाऊ. कालपर्यंत त्यांच्या नावाने पेढे वाटणारी माणसं म्हणाली, "काकू, आता आपलं झालं ना. काहून उगाच वैर घेता?"

"आपलं झालं म्हणजे? त्यांच्या घरात सुना नाहीत काय?"

साहेबांचा मला राग येतोच, पण त्याहून जास्त संताप या 'आपलं झालं'चा येतो. साहेब निदान त्या नळाचं पाणी पीत नाहीत. आम्ही प्यायलो होतो. काकूंच्या सुनेला खांदा दिला होता. तरी स्वतःच्या नळाला स्वच्छ पाणी आलं आणि आमची तोंडं बंद झाली. शेवटी वस्तीसाठी कचेरीच्या पायऱ्या चढायला काकू आणि मी, दोघीच उरलो.

पुढच्या वर्षी चुनरी सराफ्यातल्या एका टेलरकडे गेली. पडदा कोणी शिवलाच नाही. घाटाच्या बाजूने नाल्याला आडवी पक्की भिंत बांधली आणि तिच्यावर मगरीवर बसलेली मैया रंगवली. नाला भिंतीमागून, पायऱ्यांखाली घातलेल्या नळकांड्यातून नदीत जायला लागला. काकूंनी भिंतीवरून हात फिरवला. "ही काही उसवायची नाही, पोरी," एवढंच म्हणाल्या. पण निरांजन त्यांनी वळवलं नाही. भिंतीसमोर धरत राहिल्या.

या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. अस्थी घेऊन आम्ही घाटावर गेलो तेव्हा अख्खा मोहल्ला आला होता, 'आपलं झालं'वालेसुद्धा. नेताजी सुरेशला म्हणाले, "अम्मा के नाम से इस साल बड़ी चुनरी चढ़ाएँगे." सुरेशने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुनरी नहीं चाहिए. बस्ती का पाइप उठवाइए." नेताजी म्हणाले, "दिखवाते हैं."

आरती सुरू झाली. मी काकूंचं निरांजन पेटवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शेजारी पेढे वाटणाऱ्यांपैकीच एक गृहस्थ होते. हळूच म्हणाले, "दीदी, मैया उधर हैं."

मी त्यांचा हात धरला, त्यांना भिंतीपाशी नेलं आणि त्या रंगवलेल्या मैयावर कान ठेवायला लावला. घंटा वाजत होत्या, तरी पलीकडून नाला स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी कान काढून घ्यायला पाहिलं. मी हात सोडला नाही.