दगडी वाघिणीची मोहर

पडदा वर जातो तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरात दुपारचे दोन वाजलेले आहेत. डावीकडे बांगड्यांच्या दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर. उजवीकडे पानठेला, आणि त्याचा मालक समोरच्या बाकावर आडवा. मधोमध चार फुटांचं फुलांचं दुकान. ओल्या गोणपाटाखाली झाकलेली शेवंती, परातीत सुटे गुलाब, वर टांगलेले झेंडूचे हार. रस्त्यावर ऊन असं पडलंय की कोणी पात्र प्रवेश करायला धजत नाही. दुकानात साठीला टेकलेले एक गृहस्थ मांडी घालून बसलेत. मांडीवर तराजूचं पितळी पारडं आहे आणि त्या पारड्यात ते दोन फासे टाकतात. खणखण आवाज होतो. गृहस्थ वाकून बघतात, पेन्सिलीनं वहीत काही लिहितात आणि ओरडतात, "मेलं लेकाचं!"

पानठेलेवाला डोळे न उघडता विचारतो, "कोन मेलं गा?"

"लोखंडी घुबड."

"बरं झालं," म्हणून तो कूस बदलतो.

हे खुशालराव. मूळचे वलगावचे, माळ्याच्या घरातले. थोरल्या भावानं मळा सांभाळला आणि हे फुलांच्या पाट्या घेऊन अकोल्याला आले ते इथलेच झाले. चाळीस वर्षांत त्यांच्या तराजूचा काटा कोणी वाकून पाहिला नाही. गिऱ्हाईक आपसात बोलत उभं राहायचं आणि पुडी घेऊन निघून जायचं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

फाशांचं वेड लागलं ते रद्दीमुळे. पुड्या बांधायला ते किलोनं रद्दी घेत. काही महिन्यांपूर्वी एका गठ्ठ्यात पाच जाड पुस्तकं निघाली. काजळकोट नावाच्या किल्ल्याची अद्भुत गोष्ट, पाच भागांत. दुसऱ्या भागाचं एक पान फाडून त्यात मोगरा बांधून दिलासुद्धा. दुसरं पान फाडताना नजर गेली: "तुमच्यासमोर दोन दारं आहेत. डाव्या दारानं जायचं असेल तर ८८ वर जा." खुशालराव जरा वेळ थांबले. मग ८८ वर गेले.

त्या पुस्तकांत वाचणाराच नायक. त्याचं बळ किती, प्राण किती, हे वहीत लिहायचं. वाटेत कोणी आडवं आलं की फासे टाकायचे. तुझे फासे अधिक तुझं बळ, त्याचे फासे अधिक त्याचं बळ. ज्याची बेरीज मोठी, त्यानं समोरच्याचा एक प्राण घ्यायचा. पण प्रत्येक भागात एक लढत अशी होती की ती लढायची गरजच नव्हती. पुस्तकच सांगायचं, हिच्या वाटेला गेला नाहीत तरी गोष्ट पुढे जाईल. लढून मिळायचं काय, तर शेवटच्या पानावर एक रिकामं वर्तुळ होतं, त्यात शाईनं मोहर काढायची. पाच भाग, पाच वर्तुळं. बाकी ना सोनं ना राज्य. आणि या लढती इतक्या अवघड की शहाणा माणूस बाजूच्या वाटेनं निघून जाईल.

खुशालराव एकदाही बाजूच्या वाटेनं गेले नाहीत.

त्याच वर्षी वलगावला त्यांच्या भावाची मुलगी वर्षाली गाडीवरून पडली. सतरा वर्षांची पोर, बारावीचं वर्ष. मांडीत सळई घातली आणि पाच महिने खाटेवर. काकांनी फोन केला आणि म्हणाले, "रडू नको. एक गोष्ट वाचून दाखवतो. मधातच तुले ठरवा लागीन, कुठं जाचं ते."

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार. काका अकोल्यातून वाचायचे, पुतणी वलगावच्या खाटेवरून ठरवायची. दोघांचे दोन नायक, दोन वह्या. मोगऱ्यासोबत गेलेल्या पानावर नायक पोचला की त्या दिवशी त्यानं धर्मशाळेत मुक्काम केला असं धरायचं, हे दोघांनी मिळून ठरवलं. दुसरा नियमही त्यांचाच: ऐच्छिक लढतीत मेलं तर नायक खोडरबरानं पुसायचा आणि पहिल्या भागापासून नवा सुरू करायचा. आणि आणखी एक: लढत असली की समोरच्या राक्षसाचे फासे दुसऱ्यानं टाकायचे. काकांचे फासे पारड्यात वाजायचे, वर्षालीचे स्टीलच्या ताटलीत. दोघंही एकमेकांना फक्त ऐकत होती. आकडा सांगायचा आणि समोरच्यानं तो लिहायचा.

तीन मोहरा काकांनी सरळ मिळवल्या. चौथ्या भागात दगडी वाघीण होती. तिचं बळ बारा, खुशालरावांचं आठ. तिनं त्यांना दोनदा मारलं. दोनदा त्यांनी नायक पुसला.

तिसऱ्या वेळी मात्र लढत रंगली. पानठेलेवालासुद्धा उठून बसला. बाजूला पार्बताबाई, म्हणजे खुशालरावांची बायको, सुईदोरा घेऊन हार ओवत होत्या. वाघिणीचा एक प्राण उरला होता आणि खुशालरावांचाही एकच.

"टाक वाघिनीचे," खुशालराव फोनवर म्हणाले.

ताटली वाजली. मग पोर किंचाळली, "तीन! काका, तीनच पडले वो! पंधरा झाले तिचे! तुमाले आठ पाह्यजे फक्त, आठ!"

तिला तीनाचे सात सांगता आले असते. तिनं तीन सांगितले.

खुशालरावांनी फासे मुठीत घोळवले, कपाळाला लावले आणि टाकले. पितळ वाजलं. त्यांनी वाकून पाहिलं. दोन आणि दोन.

"काका? किती?"

पारड्यात दोन फासे होते आणि प्रत्येकावर दोन टिंबं होती. ती हलणार नव्हती.

"नऊ," खुशालराव म्हणाले.

फोनमधून असा काही आरडाओरडा झाला की वर्षालीची आई धावत आली असावी. "मारली! काकानं वाघीन मारली!" पोर हसत होती, खोकत होती. खुशालराव फोन कानाला लावून बसले. पार्बताबाईंनी सुई थांबवली, पारड्यात पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "दोन आन दोन नऊ होते काय तुमच्या शायेत?"

खुशालरावांनी ओठांवर बोट ठेवलं. पार्बताबाईंनी दोरा ओढून गाठ मारली.

पाचव्या भागात राखेचा राजा होता. त्याच्याशी लढताना खुशालराव तीनदा खोटं बोलले. पहिल्या वेळी ते टिंबांकडे बघत थांबले होते, आता तेवढंही थांबले नाहीत. पाचवं वर्तुळ शाईनं भरलं. वर्षाली पायावर उभी राहिली तेव्हा त्यांनी पुस्तकं तिला देऊन टाकली. लोकांना वाटलं, काय उदार काका. खरं म्हणजे त्यांना ते शेवटचं पान घरात नको झालं होतं.

यानंतर त्यांनी दुकानात फासे टाकले नाहीत. तराजू मात्र जास्तच जपून धरू लागले. काट्याकडे गिऱ्हाईक बघत नसेल तर मुद्दाम म्हणायचे, "पाह्य बाप्पा, पाहून घे." लोकांना हे नवीनच वाटायचं.

आता सहा वर्षांनंतर पुढचा प्रवेश. वर्षाली अमरावतीत एका औषधाच्या दुकानात कामाला आहे, रूम करून राहते. तिथं दहा-पंधरा पोरापोरींचा एक गट आहे. दर रविवारी एका शिकवणीच्या वर्गात जमतात आणि असेच कागदावरचे खेळ खेळतात. त्यांनाही जुन्या बाजारात काजळकोटाचा एक संच सापडला. चौथ्या भागात सगळे अडकले. वर्षालीनं सांगितलं, माझ्या काकांकडे पाचही मोहरा आहेत. झालं. गटाचा पुढारी चंदन म्हणून एक तरुण, त्यानं फोन करून आमंत्रण दिलं. काकाजींचा सत्कार करायचा आहे.

खुशालरावांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, दुकान आहे म्हणून सांगितलं. वर्षाली ऐकेना. "काका, तुमी नाई आले तं मी कोनाले तोंड दाखवू?"

निघायच्या दिवशी पार्बताबाईंनी पिवळ्या शेवंतीचा दणदणीत हार पिशवीत भरला.

"हा कायले?"

"तुमच्याच गयात पडाले. तिथं महाग भेटते."

"पार्बता, माही मजाक नको करू."

"मी कुठं करून राहिली? तुमीच चालले हार घालून घ्याले." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. "सांगून टाका पोरीले. खाऊन घेते काय ती तुमाले?"

अमरावतीच्या त्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी वाघीण काढली होती. खुर्ची मांडली होती. चंदननं तोच हार खुशालरावांच्या गळ्यात घातला. शेवंतीचा वास चाळीस वर्षांच्या ओळखीचा, पण त्या दिवशी त्यांनी तोंड बाजूला वळवलं.

"काकाजी, कशी मारली सांगा ना," चंदन म्हणाला. "आमच्यातला एक बी तिच्या पुढं गेला नाई."

सांगायची वेळ ती होती. पंधरा चेहरे वळले होते. रंगभूमीवर असा क्षण येतो की नटाला वाक्य आठवत असतं, श्वास भरलेला असतो, आणि तरी तोंडातून दुसरंच वाक्य निघतं. खुशालराव म्हणाले, "फासा चांगला पडला."

टाळ्या झाल्या. मग टूम निघाली की काकाजींनी आता सगळ्यांसमोर वाघिणीशी लढावं. स्टीलचं ताट आलं. वाघिणीचे फासे वर्षाली टाकू लागली. खुशालरावांनी टाकले ते पाच, सहा, तीन, पाच. बारा बळाच्या वाघिणीसमोर हे आकडे म्हणजे तिला घास भरवणंच. पाच मिनिटांत ते मेले.

एक क्षण त्यांना बरं वाटलं. आता कोणीतरी शंका घेईल, कोणीतरी विचारेल. पण चंदननं खांद्यावर हात ठेवला. "होते काकाजी. रोजचा दिवस सारखा नसते." आणि आचल नावाची एक चष्मेवाली मुलगी वही पुढे करून म्हणाली, "सही द्या न काकाजी. मी सतरा वेळा मेली तिच्या हातानं. तुमी मारली म्हनून समजलं, मरते बी ती. नाई तं मी कधीच सोडून दिलं असतं."

खुशालरावांनी सही केली. मग ती खोडून खाली पुन्हा केली. आचलला वाटलं, म्हातारपण.

संध्याकाळी वर्षाली त्यांना बसस्टँडवर सोडायला आली. अकोल्याची बस लागायची होती. दोघं बाकावर चहा घेत बसले. हार पिशवीत परत गेला होता.

"काका, एक गोष्ट सांगू? हससान तुमी."

"सांग."

"मी बी वाघिनीशी लढून राहिली अजून. नऊ डाव झाले. मागच्या महिन्यात रूमवर एकटीच होती. वाघिनीचा एक परान उरला. माहा बी एक. मले आठ पाह्यजे होते. सात पडले." तिनं बोटांनी दाखवलं. "एका टिंबानं वो काका! कोनी नोतं पाहाले. पेन्सिल हातात होती. आठ लिवलं असतं तं कोनाले समजलं असतं?"

"मंग?" खुशालरावांचा चहा हातात तसाच राहिला.

"मंग तुमी आठवले. मी खाटेवर पडून होती, मले कुठं दिसत होतं तुमचं पारडं? तुमी कायबी सांगू शकत होते. पन दोनदा तुमी मेले आन दोनदा तुमी गडी पुसला. म्या मनात म्हटलं, काका एवढे सच्चे आन मी एका टिंबासाठी... मंग सात लिवले. पुसला गडी. पुन्हा पहिल्या भागापासून." ती हसली. "आता दहावा डाव."

अकोल्याची बस लागली. कंडक्टरनं ओरडून गाव पुकारलं. लोक धावले. वर्षालीनं पिशवी उचलून पुढे केली. खुशालराव उठले नाहीत.

"काका, जागा भेटनार नाई."

"जाऊ दे तिले."

बस भरली, मागे सरकली, वळली आणि गेली. खुशालराव जमिनीकडे बघत बोलले. "त्या दिवशी मले नऊ नोते पडले वर्षाली. दोन आन दोन. चार पडले होते."

तिनं पिशवी खाली ठेवली.

"आन राखेचा राजा?" तिनं विचारलं.

"तो बी. तिथं तीनदा."

समोरून एक कुटुंब ट्रंका ओढत गेलं. वर्षाली त्यांच्याकडे बघत राहिली, ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत. खुशालरावांना वाटलं, आता ही उठून जाईल, आणि जावंच हिनं. नऊ डाव. नऊ वेळा खोडरबर. चाळीस वर्षं लोकांनी ज्याच्या काट्याकडे पाहिलं नाही तो माणूस एका पोरीच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हता.

ती उठली नाही. तिनं काकांच्या हातातला गार झालेला चहाचा कप काढून घेतला आणि बाकाखाली ठेवला. बोलली तेव्हा तिचा आवाज लहान मुलाची समजूत काढावी तसा होता, आणि तेच खुशालरावांना सगळ्यांत जड गेलं.

"माह्यासाठीच केलं ना पन काका? मी खाटेवर होती, रडत होती, म्हनून. मले हसवाले. नाई का?"

सहा वर्षं ते स्वतःला हेच सांगत आले होते. आता ती आपण होऊन तेच त्यांच्या हातात देत होती. नुसती मान हलवायची होती. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"नाई वं बाई," खुशालराव म्हणाले. "मलेच हारायचं नोतं."