फातिमाबीचे दोन भाव

धाडच्या आठवडी बाजारात फातिमाबीकडे प्रत्येक बांगडीचे दोन भाव. एक खरा, एक घरी सांगायचा. बांगड्या भरता भरता ती बाईच्या कानाशी पुटपुटायची, "एकशेऐंशीच्या हायेत, घरी साठ सांगजो." पस्तीस वर्षं झाली, एकाही नवऱ्याला पत्ता नाही!

मग तिच्या लेकानं, अकीलनं, मोबाईलवरून पैसे घ्यायची पाटी लावली आणि शेजारी बोलणारा डब्बा ठेवला. पैसा आला की डब्बा ओरडतो. बरं, हळू ओरडेल तर शपथ! पुष्पाबाई, फातिमाबीची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, बांगड्या भरून उठली, मोबाईलवरून पैसे टाकले. नवरा रंगराव बाजूलाच उभा. डब्ब्यानं अख्ख्या बाजाराला सांगितलं, "एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले!"

"तू तं साठ म्हणत होती!" रंगराव कडाडला.

"डब्बा चुकला असन."

"डब्बा कधी खोटं बोलते का वं?"

झालं! भर बाजारात शोभा झाली म्हणून पुष्पाबाईनं नवऱ्याशी अबोला धरला आणि फातिमाबीकडे येणंच सोडलं. तिच्यामागं अर्ध्या बायका गेल्या. डब्बा बंद करावा तर फातिमाबीला वाचता येत नाही, पैसा आला की नाही कळावं कसं? तिनं त्याला गोधडीत गुंडाळलं. आतून असा काही आवाज निघाला की एका भल्या बाईनं लेकरू समजून गोधडी थोपटली.

तिसऱ्या बाजाराला रंगराव एकटाच आला. तोंड एवढंसं झालेलं. "फातिमाबी, वीस दिवस झाले, बोलत नाही. भाजीत मीठ टाकणंही सोडलं तिनं."

पुष्पाबाई समोरच कांदे निवडत होती. पाठ इकडे, कानही इकडेच.

"भाऊ, ह्या साठच्या घ्या," फातिमाबी हळूच म्हणाली. "मोबाईलवरून पाचशे टाका. बाकीचे गुपचूप हातात वापस घ्या."

"पाचशे रुपये प्राप्त झाले!"

कांदे तिथंच राहिले. पुष्पाबाई तरातरा आली. "पाचशेच्या? येड लागलं का तुमाले?" असं म्हणाली खरी, पण डोळे भरून आले होते. तिनं दोन्ही हात पुढे केले. रंगराव घाईघाईनं गावाकडची जीप पाहायला गेला.

शेवटची बांगडी चढली तशी पुष्पाबाई फातिमाबीच्या कानाशी वाकली. "आता खरा भाव सांग."

पस्तीस वर्षांत फातिमाबी एकाही बाईशी खोटं बोलली नव्हती. तिनं डब्ब्याकडं पाहिलं.

"डब्बा कधी खोटं बोलते का वं?"